साठा, ओघ आणि विलंब : शोधयंत्राचे मोजमाप



चांगल्या ग्रंथाच्या अखेरीस बहुधा चार-सहा पृष्ठांची शब्दसूची असते. तीत शब्द अकारविल्हे मांडलेले असतात व प्रत्येक शब्दापुढे तो ज्या ज्या पृष्ठांवर आला त्यांचे अंक दिलेले असतात. ग्रंथ तीनशे पृष्ठांचा असला तरी सूचीच्या साहाय्याने हवे ते स्थळ आपणांस अर्ध्या मिनिटात सापडते. ग्रंथ वाचताना आपण पृष्ठाकडून शब्दाकडे जातो. सूचीत शब्दाकडून पृष्ठाकडे जातो. ही उलटी वाट हेच आजच्या साऱ्या शोधयंत्रांचे मूळ होय.

तुम्ही मराठी विकिपीडियाच्या शोधचौकटीत 'डिचोली' हा शब्द घालता आणि डोळ्याचे पाते लवते न लवते तोच लेखांची यादी समोर येते. त्या क्षणी यंत्र सारे लेख वाचत बसत नाही. त्याने आधीच करून ठेवलेली शब्दसूची ते उघडते. परंतु ही सूची किती मोठी होईल, ती ठेवावयास किती जागा लागेल, एकाच वेळी किती जण आले तर ती पुरी पडेल, हे कोणी व कसे ठरविले असेल? या प्रश्नाचे उत्तर मोठे बोधप्रद आहे. त्यात गणित आहे, भौतिकशास्त्र आहे आणि थोडा व्यवहारही आहे.

१. शब्दसूचीचे यंत्र

शब्दसूचीचे काम करणारी 'ल्युसीन' नावाची आज्ञावली डग कटिंग या अमेरिकी गृहस्थाने १९९९ साली लिहिली. ल्युसीन हे त्याच्या पत्नीचे मधले नाव. पुढे शाय बॅनन या तरुणाची पत्नी लंडनमध्ये पाकशास्त्र शिकत असता तिच्या पाककृती धुंडाळण्याची सोय व्हावी म्हणून त्याने ल्युसीनच्या आधाराने एक साधन रचण्यास प्रारंभ केला. त्या खटपटीतूनच २०१० साली 'इलॅस्टिकसर्च' हे शोधयंत्र जन्मास आले. २०२१ साली त्याचीच एक शाखा 'ओपनसर्च' या नावाने निराळी झाली. २००३ मध्ये सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाचा शोध २०१४ च्या सुमारास याच कुळातील यंत्रावर चालू लागला. त्यासाठी अमेरिकेतील व्हर्जिनिया व टेक्सस अशा दोन दूरदूरच्या ठिकाणी संगणकांचे समूह ठेवण्यात आले. पेडण्यातील मुलाने विचारलेल्या शब्दाचे उत्तर असे सातासमुद्रांपलीकडून येते.

'समूह' हा शब्द ध्यानात ठेवावा. एका संगणकास न पेलणारे काम अनेक संगणकांनी वाटून घेतले, की त्या संघाला 'क्लस्टर' म्हणतात. त्यातील एकेक संगणक म्हणजे 'नोड'. सूचीचे तुकडे करून ते निरनिराळ्या नोडांवर ठेवतात. या तुकड्याला 'शार्ड' अशी संज्ञा आहे. एखादा नोड बंद पडला तरी काम अडू नये म्हणून प्रत्येक तुकड्याची निदान एक प्रत दुसऱ्या नोडावर असते. तुमचा प्रश्न आला, की तो सर्व तुकड्यांकडे जातो, प्रत्येक तुकडा आपापले उत्तर देतो, आणि ती सारी उत्तरे एकत्र करून तुमच्यापुढे मांडली जातात.

२. तिळारीचे पाणी

या यंत्राचे मोजमाप समजण्यास आपल्या परिसरातीलच एक दृष्टांत घेऊ. सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात तिळारीचे धरण आहे. महाराष्ट्र व गोवा या दोन राज्यांचा हा संयुक्त प्रकल्प असून त्याचे कालवे पेडणे, डिचोली व बार्देश या तालुक्यांत उतरतात. धरणात पाणी किती आहे, हा झाला साठा. कालव्यातून दर सेकंदास किती पाणी वाहते, हा झाला ओघ. आणि दार उघडल्यापासून शेवटच्या शेतात पाणी पोहोचण्यास किती वेळ लागतो, हा झाला विलंब. या तीन वेगवेगळ्या राशी आहेत. धरण काठोकाठ भरलेले असूनही कालवा अरुंद असेल, अथवा वाटेत फुटला असेल, तर टोकाच्या शेतकऱ्याच्या पदरी कोरडी जमीनच येते. साठा दाखवून त्याची समजूत घालता येणार नाही.

संगणकाच्या स्टोरेजचेही तसेच आहे. विक्रेता सांगतो, "आमच्या कपाटात शंभर टेराबाइट मावतात." हा साठा झाला. शोधयंत्राला त्याहून अधिक महत्त्वाचा प्रश्न असा असतो, की सूचीतील इतस्ततः विखुरलेल्या हजारो लहान नोंदी दर सेकंदास किती वाचता येतील, आणि त्यांतील प्रत्येकीस किती वेळ लागेल.

येथे थोडे भौतिकशास्त्र उपयोगी पडते. फिरत्या तबकडीची डिस्क मिनिटास ७,२०० फेरे घेते, म्हणजे सेकंदास १२०. एका फेऱ्यास सुमारे ८.३ मिलिसेकंद लागतात. हवी ती नोंद वाचनशीर्षाखाली येण्यास सरासरीने अर्धा फेरा, म्हणजे ४.२ मिलिसेकंद वाट पाहावी लागते. शीर्ष योग्य वर्तुळावर सरकण्याचा वेळ त्यात मिळविला, की एका नोंदीस सुमारे १० मिलिसेकंद होतात. अर्थात अशी एक डिस्क सेकंदास शंभराच्या आसपासच विखुरलेल्या नोंदी वाचू शकते. ज्यात काहीच फिरत नाही अशा एसएसडीला एका नोंदीस सुमारे ०.१ मिलिसेकंद पुरतो, म्हणजे ती शंभर पट चपळ. आणि नोंद संगणकाच्या रॅममध्ये आधीच आलेली असेल तर तो काळ मिलिसेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका अल्प असतो. म्हणूनच शोधयंत्राच्या नोडावरील निम्मी रॅम मुद्दाम मोकळी ठेवतात. सूचीचा वारंवार लागणारा भाग तीत आपोआप येऊन बसतो. व्यवहारात यालाच 'कॅश' म्हणतात.

३. साठवणीचे गणित

आता एक उदाहरण सोडवू. पणजीच्या पुराभिलेख कार्यालयाची परंपरा १५९५ सालापर्यंत जाते. दियोगो दो कोतो हा त्याचा पहिला अभिलेखपाल. पोर्तुगीज कागदांबरोबरच मोडी लिपीतील मराठी कागदांचीही गोव्यात वाण नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस पोर्तुगीजांकडे आलेल्या डिचोली, पेडणे इत्यादी नव्या काबिजादींच्या इतिहासास तर मोडीवाचून गत्यंतर नाही. समजा, अशा एखाद्या संग्रहातील १ कोटी पृष्ठे जाणकारांकडून बाळबोध लिपीत उतरवून घेतली आणि ती शोधयंत्रात घालावयाची आहेत. पुढील अंक केवळ उदाहरणासाठी कल्पिलेले आहेत. रीत मात्र खरी आहे.

प्रथम अक्षरांचा हिशेब करू. रोमन लिपीतील एका अक्षरास संगणकात १ बाइट लागतो. देवनागरीतील प्रत्येक चिन्हास, मग ते व्यंजन असो वा मात्रा, प्रचलित पद्धतीत ३ बाइट लागतात. 'पेडणे' या शब्दात प, मात्रा, ड, ण, मात्रा अशी ५ चिन्हे आहेत, म्हणजे १५ बाइट. रोमन लिपीतील 'पेर्नेम' सहा अक्षरांचे, म्हणून त्यास अवघे ६. इंग्रजी मजकुरावरून बांधलेला अंदाज मराठीस जसाच्या तसा लावला तर तो कसा फसेल, हे यावरून दिसेल.

एका पृष्ठावर २,००० चिन्हे धरली तर ६,००० बाइट होतात. १ कोटी पृष्ठांचे ६० गिगाबाइट. हा झाला नुसता मजकूर. त्याची सूची केवढी होईल हे कोष्टकात पाहून कळत नाही. एक लाख पृष्ठांचा नमुना घेऊन ती करूनच पाहावी लागते. समजा, ०.६ गिगाबाइटच्या नमुन्याची सूची मजकुरासह ०.९ गिगाबाइट झाली. म्हणजे दीडपट. त्या हिशेबाने पूर्ण सूची ९० गिगाबाइट होईल.

पाच वर्षांत संग्रह निम्म्याने वाढेल असे धरू. ९० चे १३५ झाले. प्रत्येक तुकड्याची एक प्रत हवी, म्हणून २७०. एक तुकडा साधारणतः १० ते ५० गिगाबाइटांच्या दरम्यान असावा असा अनुभवी लोकांचा संकेत आहे. आपण ३० च्या आत ठेवू. तर १३५ साठी ५ तुकडे आणि त्यांच्या ५ प्रती.

नोड किती? निदान तीन. कारण समूहाचा प्रमुख नोड बहुमताने निवडला जातो. दोघांत मतभेद झाला तर निकाल लागत नाही. तिघांत एक गैरहजर असला तरी उरलेले दोघे बहुमत करू शकतात. पण एक नोड बंद पडला तर त्याचे ओझे उरलेल्या दोघांनी वाहावयाचे आहे. तेव्हा प्रत्येकात २७० चा तिसरा हिस्सा मावून चालणार नाही. निम्मा, म्हणजे १३५ मावला पाहिजे. त्यातही डिस्क गच्च भरू देता येत नाही. इलॅस्टिकसर्च तर डिस्क ८५ टक्के भरताच तिच्यावर नवे तुकडे ठेवण्याचे थांबविते, आणि ९५ टक्क्यांवर तेथील सूचीत नवे लेखन बंद करते. आपण ७० टक्क्यांची मर्यादा पाळू. १३५ भागिले ०.७, म्हणजे सुमारे १९३; सोयीसाठी प्रत्येकी २०० गिगाबाइट. तीन नोडांचे झाले ६००.

६० गिगाबाइट मजकुरास ६०० गिगाबाइट जागा! घरात मंगलकार्य असले म्हणजे शंभर पाने उठणार म्हणून शंभरच माणसांचा भात कोणी रांधीत नाही. तसाच हा प्रकार आहे. मात्र येथे 'थोडा जास्त' या अंदाजास स्थान नाही. दीडपट सूचीसाठी, दीडपट वाढीसाठी, दुप्पट प्रतीसाठी आणि उरलेली संकटासाठी, असा दहापटीचा प्रत्येक हिस्सा आपण कारण देऊन घेतला आहे.

मोठ्या कार्यालयांत प्रत्येक संगणकाची स्वतंत्र डिस्क नसून सर्वांसाठी मिळून एक सामायिक स्टोरेज असते. अनेक डिस्कांचे ते एक मोठे कपाट असते व सारे संगणक त्याला जोडलेले असतात. देखभालीस ते सोयीचे खरे. परंतु तेथे दोन गोष्टी तपासल्या पाहिजेत. हे कपाट प्रत्येक नोंदीची स्वतःची दुसरी प्रत ठेवीत असेल, तर आपल्या समूहाच्या दोन प्रतींच्या चार होतात आणि ६०० चे १,२०० गिगाबाइट लागतात. दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. मूळ तुकडा व त्याची प्रत निरनिराळ्या नोडांवर असूनही दोन्ही एकाच कपाटात असल्या, तर ते कपाट बंद पडताच दोन्ही एकदम जातात. तिळारीचा कालवा बंद असताना अस्नोड्याच्या जलशुद्धीकरण केंद्राला डिचोली तालुक्यातील आमठाणे धरणाचा आधार मिळतो. राखीव साठा त्याच वाटेने येत असेल तर त्याला राखीव म्हणण्यात अर्थ नाही.

४. गर्दीचे गणित

जागेचा हिशेब झाला. आता माणसांचा करू. गोवा शालान्त मंडळाच्या दहावीच्या परीक्षेस अलीकडच्या वर्षांत सुमारे १९ हजार विद्यार्थी बसतात. समजा, प्रत्येकाने एकदाच निकाल पाहिला आणि ते दिवसभरात सारख्या अंतराने आले. दिवसाचे सेकंद ८६,४००. तेव्हा सेकंदास ०.२२ प्रश्न. एखादा जुना संगणकही हे काम हसत करील. पण निकालाच्या दिवशी कोणी सारख्या अंतराने येते काय? सर्वांनी पहिल्या पाच मिनिटांतच पाहिले तर सेकंदास ६३ प्रश्न होतात. पान उघडण्यास उशीर झाला म्हणून प्रत्येकाने तीनदा कळ दाबली तर १९०. सरासरी ०.२२ आणि प्रत्यक्ष गर्दी १९०! यंत्राची क्षमता सरासरीवर ठरवू नये, गर्दीच्या घटकेवर ठरवावी, हा पहिला धडा.

या गर्दीला एक साधा व सुंदर नियम लागू पडतो. जॉन लिटल या गणितज्ञाने १९६१ साली त्याची सिद्धता दिली. नियम असा : दर सेकंदास येणारे प्रश्न गुणिले प्रत्येकास लागणारा वेळ बरोबर एकाच वेळी आत असलेले प्रश्न. आपल्या समूहावर सेकंदास १९० प्रश्न आले व प्रत्येकास ०.२ सेकंद लागले, तर कोणत्याही क्षणी ३८ प्रश्न आत असतात. स्टोरेज मंदावले आणि तोच वेळ २ सेकंद झाला, तर आत ३८० प्रश्न अडकतात. येणारे लोक तितकेच, यंत्रे तितकीच. केवळ विलंब वाढल्याने गर्दी दसपट झाली.

रांगेच्या गणिताचा पाया याहून जुना आहे. कोपनहेगनच्या दूरध्वनी कंपनीतील ए. के. एर्लांग याने १९०९ साली तो घातला. त्या गणिताच्या सर्वांत साध्या रूपानुसार, यंत्र निम्मा वेळ कामात असेल तर ग्राहकाचा एकूण वेळ मूळ वेळेच्या दुप्पट होतो. ८० टक्के वेळ कामात असेल तर पाचपट. ९० टक्के असेल तर दसपट. बँकेच्या खिडकीपाशी याचा प्रत्यय येतो. कारकून तोच, कामाची गतीही तीच; पण माणसे थोडी वाढली की रांग एकाएकी दाराबाहेर जाते. यंत्र शंभर टक्के राबविणे ही काटकसर वाटली तरी तिची किंमत रांगेतील माणूस भरतो.

५. कसोटी कशी घ्यावी

एवढे गणित केल्यावरही ते कागदावरचेच. यंत्र विकत घेण्यापूर्वी, निदान लोकांपुढे खुले करण्यापूर्वी, त्याची कसोटी घेतली पाहिजे. इलॅस्टिकसर्चसाठी 'रॅली' नावाचे असे साधन मिळते. ते ठराविक वेगाने प्रश्न पाठविते व प्रत्येक उत्तरास लागलेला वेळ टिपून ठेवते. पण साधनापेक्षा पद्धत महत्त्वाची. तिचे काही नियम सांगतो.

पहिला नियम : मजकूर आपलाच असावा. वेळ वाचविण्यासाठी एकच पृष्ठ दहा लाख वेळा घातले तर सूचीत मोजकेच शब्द येतील. शिवाय पुष्कळशी सामायिक स्टोरेजे सारखा मजकूर ओळखून तो एकदाच साठवितात. त्यामुळे जागाही थोडी लागेल, वेगही अद्भुत दिसेल आणि दोन्ही अंक निरुपयोगी ठरतील.

दुसरा नियम : प्रश्नही आपलेच असावेत. गोव्यात हे विशेष जाणवते. एकाच गावाचे नाव मराठी कागदात 'डिचोली', पोर्तुगीज कागदात 'बिचोलिम' आणि कोंकणी बोलणाऱ्यांच्या तोंडी 'दिवचल'. साऱ्या रूपांत शोध व्हावयाचा तर एका प्रश्नाचे तीन होतात. त्यातच मराठीला विभक्तिप्रत्यय आहेत. डिचोलीत, डिचोलीचा, डिचोलीहून हे शब्द आपणांस एका कुटुंबातील दिसतात. यंत्राला तसे शिकवावे लागते. एकाच शब्दाचे सोपे प्रश्न विचारून घेतलेली कसोटी म्हणजे फक्त दोनचा पाढा विचारून गणिताचा पेपर तपासण्यासारखे होय.

तिसरा नियम : थंड व तापलेल्या यंत्राची कसोटी वेगवेगळी घ्यावी. तोच प्रश्न पुन्हा विचारला, की उत्तर कॅशमधून येते व डिस्कला हातही लागत नाही. सामायिक स्टोरेजला तर स्वतःचीही कॅश असते. आपल्या उदाहरणात प्रत्येक नोडास ६४ गिगाबाइट रॅम दिली व तीतील सुमारे ३० मोकळी राहिली, तर तिन्हींची मिळून ९० होते. सूची मात्र २७०. म्हणजे तिचा तिसरा हिस्साच एका वेळी रॅममध्ये राहील. कसोटीचे प्रश्न त्या तिसऱ्या हिश्श्यातच घोटाळत राहिले तर आपण स्टोरेजची परीक्षा घेतलीच नाही असे होईल.

चौथा नियम : शोध चालू असतानाच लेखनही चालू ठेवावे, कारण प्रत्यक्षात नवी पृष्ठे येतच असतात. डिस्कने एकाच वेळी वाचणे व लिहिणे म्हणजे अरुंद पुलावर दोन्हीकडून वाहने येणे.

पाचवा नियम : प्रश्नांचा वेग पायरीपायरीने वाढवावा, सेकंदास १०, २०, ४०, ८०, असा. प्रत्येक पायरीवर पुरेसा वेळ थांबावे व वेळेचा आलेख काढावा. प्रारंभी रेषा जवळजवळ आडवी जाते, आणि एका ठिकाणी एकदम वर वळते. ते वळण ही यंत्राची खरी मर्यादा. रोजचे काम तिच्या बरेच अलीकडे राहील अशी तजवीज करावी.

सहावा नियम : कसोटी ऐन भरात असताना एक नोड मुद्दाम बंद करावा. आपण दोन नोडांना पुरेल असा जो हिशेब केला तो खरा होता की कागदी, हे तेव्हाच कळते. आणि सामायिक स्टोरेजवर इतर खात्यांचे काम ज्या वेळी जोरात असते, त्या वेळीही एकदा मोजावे. रात्री दोन वाजता रिकाम्या रस्त्यावर मोजलेला वेग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून जाताना कामास येत नाही.

६. सरासरीचा फसवेपणा

कसोटीचे अंक हाती आले, की पहिला मोह सरासरी काढण्याचा होतो. शंभर प्रश्नांपैकी ९९ ना प्रत्येकी ०.१ सेकंद लागला आणि एकाला १० सेकंद लागले असे समजा. एकूण १९.९ सेकंद, सरासरी ०.२ सेकंदाहूनही किंचित कमी. अहवालात हा अंक मोठा शोभून दिसेल. पण दहा सेकंद ताटकळलेल्या माणसाचा त्यात मागमूसही नाही. म्हणून जाणकार सर्व वेळा चढत्या क्रमाने मांडतात आणि नव्व्याण्णवाव्या क्रमांकाचा वेळ किती, तसेच सर्वांत मोठा वेळ किती, असे विचारतात.

समूहात तर या शेवटच्या एकाची किंमत आणखी वाढते. आपला प्रश्न पाचही तुकड्यांकडे जातो व सर्वांत मंद तुकड्यासाठी बाकीचे थांबतात. प्रत्येक तुकडा शंभरात एकदाच रेंगाळतो असे धरले, तर पाचही वेळेवर येण्याची संभाव्यता ०.९९ चा पाचवा घात, म्हणजे सुमारे ०.९५. आता शंभरात एक नव्हे, पाच प्रश्न रखडतील. जेफ्री डीन व लुईझ बारोसो या गूगलच्या अभियंत्यांनी २०१३ च्या एका लेखात हेच गणित शंभर यंत्रांसाठी मांडले. तेथे शंभरात ६३ प्रश्न रखडतात. तुकडे वाढविले की काम वाटले जाते हे खरे. पण वाट पाहावयास लावणारेही वाढतात. मोजमापाचे सारे कौशल्य या दोहोंतील मध्य गाठण्यात आहे.

७. हे सारे कोणासाठी?

एखादा विद्यार्थी म्हणेल, हे अभियंत्यांचे काम. आम्हांस त्याचे काय? त्याने पेडणे-डिचोलीच्या कोणत्याही घरातील जुनी पेटी आठवावी. गोव्यात कुळांना संरक्षण देणारा कायदा १९६४ चा, मुंडकारांचा १९७५ चा. या कायद्यांखालील हक्क शाबीत करण्यास कागद लागतो. आजाचे वा पणज्याचे नाव असलेला एखादा उतारा, एखादी पावती, एखादी नोंद. तो कागद सरकारी दप्तरात कोठेतरी असतोही. पण सापडत नाही, आणि न सापडलेला कागद वादाच्या वेळी नसल्यातच जमा होतो. जुने दप्तर जसजसे संगणकात येईल तसतसे त्या माणसाचे भाग्य शोधयंत्राच्या हाती जाईल.

अशा वेळी सोप्या नावाच्या ९९ जणांना चटकन उत्तर मिळेल. शंभरावा कोण असेल? ज्याच्या आजाचे नाव तीन लिप्यांत तीन प्रकारे लिहिले गेले, ज्याचे गाव एका दप्तरात एका नावाने तर दुसऱ्यात दुसऱ्याच नावाने आहे, ज्याचा कागद क्वचितच कोणी पाहत असल्याने रॅममध्ये नसून डिस्कच्या तळाशी आहे, तो. त्याचाच प्रश्न यंत्राला सर्वांत जड. उशीर झाला म्हणून यंत्राने मध्येच हात टेकले, तर पडद्यावर 'काही आढळले नाही' असे दिसेल. आणि तो बापडा 'आपला कागदच नाही' असे समजून घरी जाईल. सरासरी मात्र उत्तमच राहील.

कालव्याची परीक्षा धरणापाशी उभे राहून होत नाही. ती टोकाच्या शेतात करावी लागते. शोधयंत्राची कसोटी घेणारानेही अशा शंभराव्या माणसाचा प्रश्न आपल्या यादीत प्रथम लिहावा. पुढे तुमच्यापैकी कोणी अभियंते, कारकून, अभिलेखपाल वा पंच होतील आणि यंत्राचे अंक तुमच्यापुढे ठेवले जातील. तेव्हा "साठा किती?" एवढेच विचारून थांबू नका. "ओघ किती, विलंब किती, आणि शेवटच्या माणसाला किती वेळ लागला?" असे विचारा.

स्वाध्याय

१. 'साखळी' या शब्दात देवनागरीची चिन्हे किती व त्यास बाइट किती लागतील?

२. शाळेच्या ग्रंथालयात मधल्या सुटीत मिनिटास ४ विद्यार्थी येतात व प्रत्येक जण ६ मिनिटे थांबतो. लिटलच्या नियमाने कोणत्याही क्षणी आत किती विद्यार्थी असतील? तेथे १५ खुर्च्या असल्यास काय होईल?

३. शब्दसूची १० तुकड्यांत विभागली आणि प्रत्येक तुकडा शंभरात एकदा रेंगाळला, तर शंभरापैकी सुमारे किती प्रश्न रखडतील? ५ तुकड्यांच्या उत्तराशी तुलना करा.

४. आपल्या गावातील नळाचे पाणी, बस किंवा रेशनचे दुकान यांपैकी एकाचा साठा, ओघ व विलंब आठवडाभर टिपून ठेवा. सरासरी काढा, आणि तिच्याशेजारी सर्वांत अधिक काळ थांबलेल्या माणसाचा वेळही लिहा.